घटिका, अक्षर आणि भोंगा

खेड तालुक्यातल्या निघोज्यापर्यंत चाकणची औद्योगिक वसाहत पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी मुलखात लग्नाची वेळ घटिकापात्र सांगे. तळाला छिद्र असलेली वाटी पाण्यात बुडाली की 24 मिनिटांची घटिका भरली. ते डोळ्यांचे काम. पण 24 सेकंदांचे पळ आर्यभटाने इ.स. 499च्या ग्रंथात 60 गुरू अक्षरांच्या उच्चाराने किंवा 6 श्वासांनी मोजले. लांब काळ डोळ्यांकडे, सूक्ष्म काळ कानाकडे ही वाटणी मला फार डोळस वाटते. विसाव्या शतकातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगांतही तेवढाच वेळ टिकलेला ध्वनी प्रकाशापेक्षा लांब भासला आणि कानाचा अंदाज अधिक नेमका ठरला.

कुणी म्हणेल, उच्चाराचा वेग माणसागणिक बदलतो. खरे आहे, म्हणूनच मध्यम गतीची अट होती आणि मोठ्या मापासाठी पाणी होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: घड्याळाने इंद्रियांची गरजच संपवली. तसे असते तर कारखान्यांना पाळी बदलताना भोंगा लागला नसता. घड्याळाकडे वळून पाहावे लागते. आवाज यंत्रावरचे हात न थांबवता पोहोचतो. आजही अनुभवी कामगार प्रेस यंत्राचा फेरा लांबला, हे आधी ऐकूनच ओळखतो.