'द डिसायपल' दुसऱ्यांदा पाहताना वेगळा का वाटतो?

एक वयस्कर गायक मंचावर गातोय. त्याच्या मागे तानपुरा घेऊन बसलेला 24 वर्षांचा शिष्य गुरूकडे भारावून पाहतोय. समोर थोडेसेच श्रोते आहेत. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट साधारण असा सुरू होतो. पहिल्यांदा पाहताना आपलं लक्ष त्या शिष्याकडे असतं. हा मोठा गायक होईल का, एवढाच प्रश्न डोक्यात असतो.

चित्रपट संपेपर्यंत त्याचं उत्तर मिळतं: नाही होत. मग उत्तर माहीत असताना तो पुन्हा का पाहायचा? अनेकांनी हा चित्रपट एकदा पाहून "फारच संथ आहे" म्हणून सोडून दिला. पण त्याची खरी गंमत दुसऱ्या वेळी कळते. (पुढे चित्रपटाचा शेवट सांगितला आहे.)

आधी थोडी माहिती

2020 च्या सप्टेंबरमध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात 'द डिसायपल' पहिल्यांदा दाखवला गेला. मीरा नायर यांच्या 2001 च्या 'मॉन्सून वेडिंग'नंतर व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पोहोचलेला हा पहिला भारतीय चित्रपट. तिथे त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार आणि आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. 'रोमा'चे दिग्दर्शक अल्फोन्सो कुआरोन या चित्रपटाचे कार्यकारी निर्माते होते. 30 एप्रिल 2021 ला तो नेटफ्लिक्सवर आला.

शरद नेरूळकरची भूमिका करणारे आदित्य मोडक आणि गुरुजींच्या भूमिकेतले अरुण द्रविड हे दोघंही प्रत्यक्षात शास्त्रीय गायक आहेत. द्रविड जयपूर-अत्रौली घराण्याचे. चित्रपटातलं अलवर घराणं मात्र काल्पनिक आहे.

गोष्ट काय आहे?

शरदच्या वडिलांना गाण्याचं वेड होतं, पण गायक म्हणून त्यांचं नाव झालं नाही. त्यांनी मुलाला लहानपणीच रियाजाला बसवलं. मोठेपणी शरद गुरुजींकडे शिकतो आणि त्यांच्या आजारपणात त्यांची सेवाही करतो. गुरुजींच्या गुरू म्हणजे माई. माईंनी कधी आपलं गाणं रेकॉर्ड करू दिलं नाही, पण त्यांच्या व्याख्यानांचं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण शरदकडे आहे.

वर्षं जातात. शरद स्पर्धेत हरतो, मैफली करतो, शिकवतो, तिशी ओलांडतो. एके दिवशी भर मैफलीत तो गाणं थांबवतो आणि उठून निघून जातो. शेवटी तो दुर्मिळ जुनं संगीत लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या व्यवसायात शिरतो. लग्न होतं, मूल होतं.

वयात येण्याच्या बहुतेक गोष्टींमध्ये नायकाला आपलं स्वप्न गवसतं. इथे नायक ते स्वप्न सोडून देतो आणि मग कुठे मोठा होतो.

दुसऱ्या वेळी बदलतं काय?

शेवट माहीत असला की "शरद जिंकेल का?" ही उत्सुकता उरत नाही. मग नजर मोकळी होते आणि आजूबाजूची माणसं दिसायला लागतात. तेव्हा लक्षात येतं की या चित्रपटात गाण्याइतकीच जागा ऐकण्याला आहे. वडील ऐकतात, शरद ऐकतो, समीक्षक ऐकतो, यूट्यूबवर कमेंट करणारे ऐकतात. कोण कसं ऐकतं, यावर सगळी गोष्ट उभी आहे.

रॉक संगीतावरचा कॅमेरॉन क्रो यांचा 'ऑलमोस्ट फेमस' (2000) आठवत असेल, तर हे चटकन पटेल. त्यातला 15 वर्षांचा नायक स्वतः गात-वाजवत नाही. तो एका बँडबरोबर फिरत त्यांच्यावर लेख लिहितो, म्हणजे तो श्रोताच आहे. तो मोठा होतो ते आपल्या आवडत्या कलाकारांना माणूस म्हणून पाहायला शिकल्यावर. शरदला हेच जमत नाही.

माईंचा आवाज

चित्रपटातले सर्वात लक्षात राहणारे प्रसंग रात्रीचे आहेत. मुंबईच्या रिकाम्या रस्त्यावर शरदची मोटारसायकल संथ गतीत चाललेली असते आणि त्याच्या कानात माईंचं व्याख्यान सुरू असतं. हा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. चित्रपट नेटफ्लिक्सवर येण्याच्या काही दिवस आधी, 19 एप्रिल 2021 ला त्यांचं निधन झालं.

माई त्याग, एकटेपणा आणि साधनेबद्दल बोलतात. पहिल्यांदा हे शब्द मंत्रासारखे वाटतात. दुसऱ्यांदा तेच शब्द ऐकताना अस्वस्थ व्हायला होतं, कारण त्यांची किंमत काय पडली हे आता आपल्याला माहीत असतं. शरद या आवाजाला कधीच प्रश्न विचारू शकत नाही. जिवंत गुरूशी वाद घालता येतो, टेपशी नाही.

आणखी एक विसंगती आहे. ज्या माईंनी गाणं रेकॉर्ड करायला नकार दिला, त्यांचा भक्त पुढे रेकॉर्डिंगच्याच धंद्यात जातो. चित्रपट यावर एक शब्दही बोलत नाही.

समीक्षकाचा प्रसंग

एक जाणकार संग्राहक-समीक्षक शरदला माई, गुरुजी आणि त्याच्या वडिलांबद्दल काही कडू गोष्टी सांगतो. वडिलांकडे आवड होती, पण गळा नव्हता, असा त्याचा सूर असतो. शरद चिडून हातातला ग्लास त्याच्या तोंडावर रिकामा करतो.

पहिल्यांदा आपण शरदच्या बाजूने असतो. हा माणूस कुचकट वाटतो. दुसऱ्यांदा मात्र प्रश्न पडतो: तो खोटं बोलतोय का? चित्रपट त्याला खरा किंवा खोटा ठरवत नाही. पण शरदचा राग इतका मोठा आहे, याचा अर्थ ही शंका त्याच्या मनात आधीपासूनच असावी.

टीव्हीवरची मुलगी

मध्ये मध्ये शरद टीव्हीवर एका गाण्याच्या रिअॅलिटी शोमधली स्पर्धक पाहतो. ती साधी, बुजरी मुलगी म्हणून येते आणि हळूहळू चकचकीत स्टार होते. पहिल्यांदा हा बाजारावरचा टोमणा वाटतो. दुसऱ्यांदा शरदचा चेहरा पाहा. त्यात तुच्छता आहे, तसाच हेवाही आहे. तिला ऐकायला लाखो लोक आहेत आणि याच्या व्हिडिओखाली टोचणाऱ्या कमेंट.

दोनच वाटा आहेत का?

शरदच्या जगात दोनच वाटा दिसतात. एकीकडे शुद्ध कला आणि जवळजवळ रिकामं सभागृह, तर दुसरीकडे टीव्हीचा झगमगाट. पण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्यांना तिसरी वाट ठाऊक आहे.

ही झाडीपट्टी. भंडारा आणि गोंदियाही तिच्यातच येतात. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगावी मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचं मुख्य केंद्र. तिकीट काढून आलेले लोक थंडीत रात्रभर नाटक बघतात, साथीला वाद्यं असतात आणि नट मंचावर स्वतः गातात. 2023 मध्ये या रंगभूमीवरचे गडचिरोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. कलाकार रात्र-रात्र जागून एका गावाहून दुसऱ्या गावी जातात आणि हंगाम संपला की अनेकांना दुसरं काम बघावं लागतं. पण शरदला जे कधी मिळालं नाही ते इथे आहे: समोर गच्च भरलेला, आपला म्हणावा असा प्रेक्षक.

शेवटचा प्रसंग

म्हणूनच चित्रपटाचं शेवटचं दृश्य पुन्हा पाहण्यासारखं आहे. शरद बायको आणि मुलीबरोबर ट्रेनमध्ये बसला आहे. डब्यात एक लोकगायक गात येतो आणि गातच पुढे जातो. त्याच्यामागे घराणं, पुरस्कार, सभागृह यातलं काही दिसत नाही. त्याचं गाणं आहे आणि डब्यातली माणसं आहेत.

पहिल्यांदा हे दृश्य उदास वाटतं, कारण आपण शरदच्या हरण्यात अडकलेले असतो. दुसऱ्यांदा ते एका साध्या प्रश्नासारखं उभं राहतं: आयुष्यभर शरद ज्याच्यामागे धावला ते गाणं होतं, की मोठा गायक म्हणवून घेणं? शरद काही बोलत नाही. उत्तर प्रेक्षकावर सोडलेलं आहे.

पुन्हा पाहताना हे जरूर बघा

• प्रत्येक मैफलीत समोर किती लोक आहेत आणि ते काय करताहेत.
• गुरुजींचा चेहरा. शरदच्या गाण्याबद्दल त्यांना काय वाटतं, हे ते शब्दांपेक्षा चेहऱ्यावरून जास्त सांगतात.
• लहानपणीचे प्रसंग. रियाज कोणाला हवा आहे, मुलाला की वडिलांना?
• माईंच्या व्याख्यानाच्या वेळचा रस्ता. शरद सतत चालला आहे, पण कुठे पोहोचताना फारसा दिसत नाही.
• शेवटच्या दृश्यात फक्त गायकाकडे पाहू नका, शरदकडेही पाहा.

शक्य असेल तर हेडफोन लावून पाहा. दोन तास फोन बाजूला ठेवायला जमलं, तर या चित्रपटाला हवा असलेला श्रोता तुम्हीच आहात.