रिपोर्ट येईपर्यंत

हा रुग्ण कुणी एक नव्हे. गोंदियाच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत चिखलात पाय चिघळलेला, साखर वाढलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. पुढचे तास साधारण असे जातात.

तास 0. हुडहुडी, रक्तदाब 80. कल्चरसाठी रक्त काढलं, मेरोपेनेम हे प्रतिजैविक सुरू केलं. 2006च्या एका अभ्यासात रक्तदाब कोसळल्यावर पहिल्या सहा तासांत योग्य औषधाला झालेल्या दर तासाच्या उशिराने जगण्याची शक्यता सरासरी 7.6 टक्क्यांनी घटली होती. योग्य औषधाला!

तास 6. लघवी कमी झाली. रक्तातला क्लेबसिएला जिवाणू मेरोपेनेम तोडणारं एन्झाइम बनवतोय, हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

तास 20. बाटलीत जिवाणू वाढलेत. कोणतं औषध चालेल, ते उद्या कळेल.

तास 30. ‘नागपूरला न्या.’ 108 रुग्णवाहिकेत मुलगा सलाइनची नळी सांभाळत बसलाय.

तास 44. रिपोर्ट आला. रकानाभर आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट: ही औषधं चालणार नाहीत. उरलं कोलिस्टिन, आणि ते थकलेल्या किडनीवरच घाव घालतं.

फाजची गरज इथे आहे. हा विषाणू फक्त जिवाणूला धरतो, त्याच्यात आपली पिल्लं वाढवतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. 1896मध्ये आग्र्याला जिवाणूशास्त्रज्ञ हँकिनने यमुनेचं पाणी कॉलऱ्याचे जंतू मारतं, पण उकळलं की ती ताकद जाते, असं नोंदवलं. फाजची चाहूल आपल्याच नदीत लागली होती. 2016मध्ये सॅन डिएगोत औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूशी महिनोन्‌महिने झुंजणाऱ्या टॉम पॅटरसनला फाज टोचले आणि काही दिवसांत तो कोमातून जागा झाला. त्याच्या जिवाणूला जुळणारे फाज शोधून, शुद्ध करून टोचायला सुमारे तीन आठवडे लागले होते. त्याला तेवढे आठवडे मिळाले. आपल्या रुग्णाला तास मोजून मिळतात. म्हणून फाजचा साठा आधीच तयार हवा. सांडपाण्यात फाज मुबलक असतात. गोंदियाच्या नाल्यांतही शोधले तर सापडावेत. शोधायला हवेत ते आत्ता, ताप चढण्याआधी.

तास 61. हृदय थांबलं. दाखल्यावर ‘सेप्टिक शॉक’. औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूचा त्यात उल्लेख नाही.

तास 70. कल्चरची प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये गेली. ज्याच्यावर फाज तपासता आला असता, तो जिवाणूही कुणी जपून ठेवला नाही.