अवकाश-कचरा व यानांचे संरक्षण

निकामी उपग्रह, अग्निबाणांचे वापरून झालेले टप्पे आणि त्यांच्या स्फोटांतून वा टकरींतून निघालेले तुकडे, यांना अवकाश-कचरा म्हणतात.

असा कचरा जमिनीवर पडल्याची महाराष्ट्रातील ठळक नोंद चंद्रपूर जिल्ह्यातील आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री पावणेआठच्या सुमारास जळत्या तुकड्यांची रांग राज्याच्या आकाशातून गेली; अनेकांनी ती उल्का समजली. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. परिसरात पोकळ गोलही सापडले. असे गोल इंधनटाक्यांत दाब राखणाऱ्या वायूसाठी वापरतात. त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या अग्निबाणाकडे प्रथम बोट दाखवले गेले. पुढे, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘चँग चंग ३बी’चा तिसरा टप्पा अधिक संभाव्य मानला गेला.

यानांना मात्र असल्या मोठ्या वस्तूंचे भय तुलनेने कमी. दहा सेंटिमीटरहून मोठे तुकडे रडारला दिसतात, त्यांना चुकवता येते. एक सेंटिमीटरपर्यंतचे कण कवच झेलू शकते. मधले तुकडे ना नीट दिसत, ना अडत. खरी अडचण तीच. टकरीचा सापेक्ष वेग सेकंदाला सरासरी १० किमी धरला, तर एका ग्रॅमच्या कणात ताशी ३६ किमीने धावणाऱ्या एक टनी मोटारीइतकी ऊर्जा असते.

कवच : फ्रेड व्हिपल यांनी १९४७ मध्ये सुचवलेली रचना आजही पायाभूत आहे. बाहेर पातळ पत्रा, मध्ये मोकळी जागा, आत मुख्य भिंत. पत्र्यावर आदळताच कणाचा चुरा होतो, तो पोकळीत पसरतो आणि भिंतीवरचा मारा विखुरतो. सेकंदाला तीन किमीहून कमी वेगाचा कण फारसा फुटत नाही, म्हणून काही वेळा संथ कणच जास्त घातक ठरतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोकळीत सिरॅमिक कापड व केवलारचे थर घालतात. वजन वाढते, आणि सौरपंखांना कवच घालता येत नाही.

भारत : पीएसएलव्ही-सी३ चा चौथा टप्पा २००१ मध्ये कक्षेत फुटून शेकडो तुकडे झाले. संभाव्य टक्कर टाळण्यासाठी चांद्रयान-३ चे उड्डाण (१४ जुलै २०२३) चार सेकंद लांबवले होते.

कायदा : नुकसानीचे दायित्व १९७२ च्या करारानुसार प्रक्षेपक राष्ट्राकडे.