पेशीतील प्रथिनभंजनाचा इतिहास आणि डॉ. कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांचे नाव आपल्याकडे बहुधा १९३३ मधील एका प्रसंगासाठी घेतले जाते : केवळ स्त्री म्हणून सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या संस्थेत प्रथम नाकारलेला व नंतर अटींवर दिलेला प्रवेश. प्रसंग महत्त्वाचा खरा. परंतु त्याच्या छायेत त्यांचे प्रत्यक्ष संशोधन झाकले गेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

केंब्रिजला त्यांनी वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे श्वसनास आवश्यक प्रथिन असते, असे दाखविले व १९३९ मध्ये पीएच.डी. मिळविली. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) हेच पेशीश्वसनाचे केंद्र, ही गोष्ट केनेडी व लेनिंजर यांच्या १९४८-४९ च्या प्रयोगांनी स्थिर झाली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत सोहोनी कडधान्यांकडे वळल्या. आतड्यात प्रथिने तोडणाऱ्या ट्रिप्सिन या विकरास रोखणारी द्रव्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात वालातून स्फटिकरूपात वेगळी केली. कोकणच्या स्वयंपाकघरातील वालाची ही ओळख आपल्या वर्गात क्वचितच सांगितली जाते.

श्वसन आणि प्रथिनभंजन हे त्यांच्या कामातील दोन स्वतंत्र धागे पुढे इतरांच्या संशोधनात एकत्र आले. श्वसन चालू असताना तंतुकणिकेत ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे निर्माण होऊन तेथील प्रथिने बिघडतात. ट्रिप्सिनसारखे मोकाट विकर तेथे असते, तर बिघडलेल्यांबरोबर धडधाकट प्रथिनेही कापली गेली असती. मग निवड होते कशी? १९५५ मध्ये द दूव्ह यांनी लयकारिकांचे (लायसोसोम) वर्णन केल्यानंतर जीर्ण तंतुकणिका तेथे सबंधच जिरविल्या जातात, ही कल्पना रूढ झाली. मात्र १९८२ मध्ये देसोतेल व गोल्डबर्ग यांनी उंदराच्या यकृतातील तंतुकणिका स्वतःच, एटीपी खर्चून, सदोष प्रथिने तोडतात असे दाखविले.

हे कार्य करणाऱ्या विकरांपैकी लॉन हे प्रमुख. मानवी लॉनचे सहा घटक मिळून एक वलय बनते व कापण्याची जागा त्याच्या आतील पोकळीत दडलेली असते. एटीपीच्या ऊर्जेने प्रथिनाची घडी उलगडते, साखळी आत ओढली जाते आणि सेरीन या अमिनो आम्लाच्या साहाय्याने तुकडे होतात. ट्रिप्सिनही सेरीननेच कापते. फरक एवढाच, की लॉनपाशी आत शिरण्याचे दार राखलेले आहे. ऑक्सिडीकरणाने बिघडलेले अ‍ॅकोनिटेज लॉन प्राधान्याने तोडते, असे २००२ मध्ये आढळले.

तंतुकणिकेच्या आतील पटलावरील दुसऱ्या भंजक विकराचा घटक म्हणजे पॅराप्लेजिन. त्याच्या जनुकातील दोषाने पाय ताठरत जाणारा आनुवंशिक विकार होतो, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. सोहोनी यांचे निधन त्याच वर्षी झाले.