बैलकुप्प्याची कौलारू घरे आणि आपल्या विटांच्या भिंती

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही इतिहासविषयक लिहावे, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीपासून अनेक विषय मनात येऊन गेले. राजे आणि लढाया यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्या घरांत माणसे जन्मली, वाढली आणि निवर्तली, त्या घरांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. त्यातून या वर्षी मंडळापुढे एक प्रश्न उभा आहे. आपली वास्तू म्हणजे एका जुन्या ओळीतील विटांचे घर. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आणि वर मंगलोरी कौले. ते पाडून स्लॅबची इमारत उभारावी, की आहे तेच सुधारून घ्यावे, यावर कार्यकारिणीत दोन पक्ष पडले आहेत. त्या वादाला थोडीशी ऐतिहासिक पार्श्वभूमी मिळावी, एवढाच या लेखाचा हेतू.

म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याने पश्चिमेस निघाले, की कोडगूची हद्द लागण्यापूर्वी पिरियापट्टण तालुक्यात बैलकुप्पे लागते. कावेरी ओलांडली की पलीकडे कुशालनगर. सन १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी निर्वासित हिमालय उतरून आले. तत्कालीन म्हैसूर राज्याने त्यांच्यासाठी या परिसरात सुमारे तीन हजार एकर जमीन दिली आणि १९६०-६१ च्या सुमारास पहिली वसाहत उभी राहू लागली. दुसरी वसाहत १९६९ मधली. निर्वासितांच्या पुनर्वसनाला साहाय्य करण्यासाठीच १९६८ मध्ये ‘मायराडा’ ही संस्था निघाली, हेही येथे नमूद केले पाहिजे. सुवर्णमंदिर पाहावयास जाणाऱ्या आपल्या मंडळींना १९९९ मध्ये खुले झालेले ते भव्य विहार ठाऊक असते. आमचे लक्ष मात्र प्रत्येक भेटीत आडवाटेच्या ‘कॅम्पां’मधील जुन्या घरांकडे गेले. विटांच्या भिंती, उतरते पाखे, मंगलोरी कौले आणि पुढे लहानशी ओसरी असे त्या घरांचे रूप आहे.

या घरांत एक मोठी शिकवण दडलेली आहे. तिबेटातील घर म्हणजे दगडाच्या किंवा ठोकलेल्या मातीच्या जाड भिंती, वर चोपलेल्या मातीचे सपाट धाबे आणि दक्षिणेचे ऊन आत घेणाऱ्या खिडक्या. पाऊस थोडा आणि थंडी फार, म्हणून मिळालेली ऊब कोंडून धरायची, हे त्या घराचे काम. तेच लोक जंगल तोडून मक्याची शेती करावयास दक्षिणेत आले, तेव्हा त्यांना नेमके उलटे घर हवे होते. पावसाचे पाणी झटकून टाकणारे आणि आतली उष्णता बाहेर जाऊ देणारे. गावाकडच्या चालीरीती, भाषा आणि देव माणूस बरोबर नेऊ शकतो, पण घर मात्र ज्या मातीत उभे राहायचे तिथलेच असावे लागते. घरापासून दूर राहणाऱ्या आपणा सर्वांना हे समजावयास फारसे कठीण नाही.

आता या कौलांचा इतिहास पाहू. आपल्या देशावर पूर्वी नळीची कौले असत. चपटे, खाचा असलेले आणि एकमेकांत अडकणारे कौल बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरजवळ जेप्पू येथे १८६५ मध्ये काढलेल्या कारखान्यातून प्रसिद्धीस आले. नेत्रावतीकाठची चिकणमाती, समुद्रमार्गे होणारी स्वस्त वाहतूक आणि वजनाला हलका माल, यांमुळे ते कोकणात, मुंबईत आणि देशावर सर्वत्र पोचले. ज्या कौलाला आपण आजोळच्या घराची खूण मानतो, ते मूळचे या कर्नाटक किनाऱ्याचे, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

नऊ इंची भरीव विटांची भिंत आणि ओळीत एकमेकांना टेकलेली घरे ही पद्धत केवळ आपल्याकडचीच नव्हे. इंग्लंडात १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर गिरणी कामगारांसाठी अशा घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांना ते ‘टेरेस्ड हाऊस’ म्हणतात. आपल्या कानाला टेरेस म्हणजे गच्ची, त्यामुळे हा शब्द फसवा आहे. दुपदरी, मध्ये पोकळी ठेवलेली भिंत तिकडे सर्रास होऊ लागली ती पहिल्या महायुद्धानंतर. तत्पूर्वीच्या भरीव भिंतींतून शेगडीची ऊब बाहेर निसटत असे. कोळसा स्वस्त होता तोवर कोणाला त्याचे काही वाटले नाही. १९७३ च्या तेलसंकटाने डोळे उघडले. जर्मनीने १९७७ मध्ये इमारतींच्या उष्णतारक्षणाचे नियम केले, तर ब्रिटनने १९७८ च्या कायद्याने पोटमाळ्यावर उष्णतारोधक थर घालण्यास अनुदान दिले. इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुले आज अशीच घरे सुधारतात. फटी बुजवणे, माळ्यावर लोकरीसारखा थर अंथरणे, भिंतींना आतून अस्तर देणे, असा त्यांचा क्रम असतो.

हाच क्रम आपण डोळे झाकून उचलावा काय? आमच्या मते, नाही. इंग्लंडात सूर्य डोक्यावर कधीच येत नाही. म्हैसूर-बैलकुप्प्याच्या अक्षांशावर तो वर्षातून दोनदा, एप्रिलच्या चौथ्या आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, अगदी माथ्यावरून जातो. ओळीतल्या घराच्या दोन भिंती तर शेजाऱ्यांनीच झाकलेल्या असतात. तेव्हा आपल्याकडे ऊन झेलते ते मुख्यतः छप्पर. सरकारच्या नियमांतही हे मान्य झाले आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. राहत्या घरांसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. तिच्यानुसार छपराच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असता, १.२ वॉटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून याच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक उष्णता जाते.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सातारा जिल्ह्यातील आमच्या घराची कौले १९९६ मध्ये आम्हीच उतरवली. दरवर्षी शाकारणी करावयाची, माकडांनी कौले फोडावयाची, पावसात घरभर भांडी मांडावयाची, याला घरची मंडळी कंटाळली होती. नोकरीतील मुलाने स्लॅब टाकला, याचा गावात मानही होता. गोठ्याची कौले तेवढी राहू दिली. पुढे बदल्यांच्या धावपळीत आम्ही उन्हाळ्यात कधी गावी गेलोच नाही. एका वैशाखात गेलो, तेव्हा मातोश्री गोठ्यात बाज टाकून बसलेल्या दिसल्या. विचारले, तर त्या म्हणाल्या, “अरे, गुरं गेली, पण गारवा इथंच राहिलाय.” दिवसभर ऊन पिणारा स्लॅब सूर्यास्तानंतर तीच उष्णता खोलीत सोडतो, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्या मात्र कित्येक उन्हाळे ते सोशीत होत्या आणि मुलाच्या हौसेपोटी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पुढच्या उन्हाळ्यापूर्वी त्या गेल्या. आता त्या घरावर काहीही उपाय केला, तरी तो त्यांच्या कामी येणार नाही.

जुने ते सर्व सोने, असे मात्र आम्ही म्हणत नाही. नुसते कौलही भर दुपारी तापते. फरक एवढाच, की ते पातळ असल्याने आणि फटींतून वारा खेळत असल्याने सूर्य मावळताच निवते. म्हणून आपल्या वास्तूसाठी आमची सूचना पुढीलप्रमाणे आहे. प्रथम कौले उतरवून वासे व रिपा तपासाव्यात, कुजलेल्या बदलाव्यात आणि कौले नीट बसवावीत. त्याखाली लाकडी तक्तपोशी करावी आणि दोहोंमधील पोकळीतली गरम हवा निघून जाण्यासाठी आढ्याशी वाट ठेवावी. पूर्वीच्या वाड्यांत माळा हेच काम करीत असे. दुसरे, उन्हाच्या बाजूच्या भिंतीवर ओसरी किंवा वेल यांची सावली आणावी. तिसरे, चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या दर्जा चुन्यानेच भराव्यात. वरून सिमेंटचा गिलावा चोपला, की आतली ओल आतच अडकते आणि वीट झिजते. चौथे, रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि दिवसा उन्हाच्या वेळी मिटाव्यात. वीज खाणारी साधने बदलणे हे सर्वांत शेवटी. जुना पंखा सत्तर-ऐंशी वॉट घेतो, नवा तिशीच्या आसपास. पण तापलेल्या छपराखाली कितीही चांगला पंखा लावला, तरी तो गरम हवाच फिरवणार.

ज्यांच्या घरांवर स्लॅब पडून गेला आहे, त्यांनीही निराश होऊ नये. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांची फरशी ही आपल्या गवंड्यांची जुनीच युक्ती आहे. तेवढा खर्च झेपत नसेल, तर दर फाल्गुनात गच्चीला पांढरा चुना द्यावा.

पाडण्याच्या बाजूचे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. नव्या इमारतीत जागा वाढेल आणि नाटकाच्या तालमींना दालन मिळेल. परंतु एक वीट भाजावयास जे इंधन लागले, ते केव्हाच खर्च झाले आहे. भिंत पाडली, की तो खर्च मातीत जातो आणि नव्या सिमेंटसाठी पुन्हा भट्ट्या पेटतात.

बैलकुप्प्याच्या कॅम्पांत आता बरीच जुनी घरे पाडून स्लॅबची झाली आहेत. तरुण मुले परदेशी गेली आणि वृद्ध मागे राहिले, ही कथा तेथेही आहे. गेल्या मे महिन्यात एका शिल्लक राहिलेल्या कौलारू घराच्या ओसरीवर एक आजीबाई जपमाळ ओढीत बसल्या होत्या. त्यांची भाषा आम्हांस येत नव्हती, आमची त्यांना येत नव्हती. त्यांनी हाताने शेजारची जागा दाखवली आणि आम्ही क्षणभर टेकलो. गोठ्यातली ती बाज डोळ्यांपुढे उभी राहिली.

घर सुधारायचे ते त्यात बसणाऱ्या माणसासाठी, आणि ते माणूस बसलेले असताना. मंडळाच्या पुढच्या पन्नास वर्षांत या वास्तूत जे वृद्ध आणि जी मुले येऊन बसतील, त्यांना सावली मिळो, हीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.