मुंबईच्या कलाशाळेतील अभ्यासचित्रे

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या कलाशाळेतील चित्रकलेचे शिक्षण दीर्घकाळ अभ्यासचित्रांवर, म्हणजे प्रदर्शनासाठी नव्हे तर हात आणि नजर तयार होण्यासाठी काढलेल्या चित्रांवर, उभे होते. ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती पाहून रेखाटन करण्याच्या प्रकाराला ‘अँटिक’ म्हणत. पांढऱ्या प्लास्टरला स्वतःचा रंग नसल्यामुळे एका बाजूने येणाऱ्या उजेडात केवळ छायेच्या चढउताराकडे लक्ष राहते आणि आधी बाह्यरेषा, मग छायेचे मोठे भाग, शेवटी बारकावे, हा क्रम अंगवळणी पडतो. या शिस्तीचा फायदा निःसंशय होता. मात्र पुतळा हलत नाही, थकत नाही, म्हणून तेवढ्यावर तयार झालेली नजर जिवंत माणसापुढे अडखळे.

याच शाळेत अभ्यासाचा एक निराळा प्रकार सरकारी कामातून आला. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ नंतर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्यावर शाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांसह नकलांचे काम नव्याने हाती घेतले आणि मधल्या खंडासह ते १८८५ पर्यंत चालले. हेतू नोंद ठेवण्याचा होता, पण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो फार मोठा अभ्यास ठरला, कारण इथे प्लास्टरचा धडा उपयोगी पडत नव्हता: अजिंठ्याच्या चित्रकाराने देहाचा गोलवा पडलेल्या सावलीने नव्हे, तर वळणाऱ्या रेषेने आणि नाक, हनुवटी यांवरील उजळ छटांनी दाखवला आहे. बोटांची वळणे, अर्धवट मिटलेले डोळे हे सारे तैलरंगात कॅनव्हासवर उतरवताना रेषेकडे पाहणे भाग होते. नक्कल करणाऱ्यांत असलेले पेस्तनजी बोमनजी पुढे पारशी कुटुंबजीवनाचे चित्रकार म्हणून नावारूपाला आले. मूळ चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांनी त्यांवर चढवलेल्या वॉर्निशने पुढे चित्रांचेच नुकसान झाले, ही या उद्योगाची काळी बाजू आहे. आणि लंडनमध्ये १८८५ च्या आगीत या नकलांपैकीही अनेक नष्ट झाल्या.

जिवंत मॉडेल समोर बसवून अभ्यास करण्याच्या वर्गाला, म्हणजे ‘लाइफ क्लास’ला, ठळक स्थान मिळाले ते १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन शाळेचे प्रमुख झाल्यानंतर. वास्तववादी अभ्यासाने भारतीय चित्रकला परकी होते, असा बंगाली नवचित्रकलेच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप होता. सॉलोमन यांनी मात्र या वर्गाला भित्तिचित्रणाच्या वर्गाची जोड दिली आणि अजिंठ्यातील स्त्रीचित्रणावर १९२३ साली पुस्तकही लिहिले. आक्षेप पूर्णपणे मावळला नाही, तरी पुढे नवी दिल्लीतील सचिवालयाच्या नॉर्थ ब्लॉकमधील भित्तिचित्रांचे काम मुंबईच्या या शाळेच्या चित्रकारांकडे आले.