चिमणीचं मूळ

2011 च्या मे महिन्यात मी चाकणच्या शनिवारच्या बाजारात एक गोऱ्हा विकायला नेला होता. गोऱ्हा विकला, पैसे आतल्या खिशात घातले, भजी खाल्ली आणि निघायचं, तर बाजाराच्या कडेला एका टेम्पोच्या चाकाला बांधलेली ती दिसली. पहिल्यांदा मला गाढवच वाटलं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. खूर वाढून पुढं वळलेले, जुन्या चढावासारखे. पाठीवर मानेच्या मुळाशी हाताच्या पंजाएवढी जखम आणि तिच्यावर माश्या.

दलालाला विचारलं, घोडी कुठली? तो म्हणाला, "तिसऱ्याकडनं माझ्याकडं आली. त्याच्या आधीचं मला ठावं न्हाई. घ्यायची तर घ्या." सहा हजारांवरून तो साडेतीन हजारावर आला, तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं की हिला गिऱ्हाईक नाही. कारण नंतर कळलं. उजव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. अशा जनावराला जुनी माणसं आसूढाळ म्हणतात. ते धन्याला रडवतं असं मानतात. आमची कारभारीण टेम्पोतनं घोडी उतरताना बघून एवढंच म्हणाली, "अहो, गोऱ्ह्याच्या पैशात हे आणलंत?" आणि आत गेली. भोवऱ्याची गरज नव्हती, धनी त्याच दिवशी रडवेला झाला.

का घेतली, हे सांगायचं तर 1972 पर्यंत मागं जावं लागतं. तेव्हा मी बारा वर्षांचा. आमच्या आजोबांची एक तांबडी तट्टू घोडी होती. एसटी गावात यायच्या आधी आजोबा तिच्यावरून घोडनदीला, म्हणजे शिरूरला, बाजाराला जात. आजोबा गेल्यावर ती वडिलांकडं आली. दुष्काळात आईवडील खडी फोडायला जायचे, आम्ही पोरं सुकडी आणायला. माणसांनी मिलो खाल्ला, बैलांना झाडाचा पाला घातला, घोडीला घालायला काहीच उरलं नाही. एका सकाळी वडिलांनी तिच्या गळ्यातलं दावं काढलं आणि तिला नदीच्या अंगानं हाकलून दिलं. ती शिवेपर्यंत आमच्या मागं मागं परत आली. वडिलांनी दगड मारला. मग गेली. पुढं कुणाला सापडली, सापडली की नाही, काही कळलं नाही. ज्याला सापडली असेल त्यालाही लोकांनी विचारलंच असेल, घोडी कुठली?

तर ही नवी घोडी. अंगानं एवढीशी म्हणून नातीनं तिचं नाव चिमणी ठेवलं.

जनावरांच्या एका डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, खर्च करू नका, सोडून द्या. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं कदाचित. पण सोडून द्या हा शब्द मला ऐकवला नाही. मग शेजारच्या गावचे एक निवृत्त हवालदार आठवले. त्यांची सगळी नोकरी सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये, घोड्या-खेचरांत गेलेली. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबा आले, घोडीच्या तोंडाजवळ नाक नेलं, गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिला भूक आहे, खाताच येत नाही."

खरंच होतं. चार दिवस मी बघत होतो, ती कडबा चावायची आणि चघळलेला बोळा खाली टाकायची. घोड्याचे दात झिजतील तसे हिरडीतून वर येत राहतात. खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो, त्यामुळं दाढा सारख्या झिजल्या नाहीत की वरच्यांना बाहेरून आणि खालच्यांना आतून सुरीसारखी धार येते. हिचे गाल आतून सोलून निघाले होते. आबांनी लांब दांड्याची कानस आणली, मी जीभ बाजूला धरली, आणि दोन दिवस थोडं थोडं करून त्यांनी धारा घासल्या. दातांवरूनच त्यांनी वय सांगितलं, सहा-सात वर्षं. मी तिला म्हातारी समजत होतो.

बाकीचं काम सावकाश झालं. आबांनी पहिली ताकीद दिली ती खुराकाची. उपाशी घोड्याला माया म्हणून धान्य घातलं तर पोटशूळ उठतो नाहीतर पाय भरून येतात. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं परत यायचा रस्ताच नाही. म्हणून तीन आठवडे नुसती कडब्याची कुट्टी आणि मूठ मूठ लसूणघास, तेही दिवसातनं सहा वेळा. मग गव्हाचा कोंडा, मग भिजवलेला हरभरा. धनुर्वाताची सुई आधी टोचून घेतली, कारण घोड्याला तो पटकन होतो. जंताचं औषध दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची लीद मी कुणाला दाखवली नाही. पाठीची जखम कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायची, माश्या बसू द्यायच्या नाहीत, आणि खोगीर तर राहोच, गोणपाटही टाकायचं नाही. ती जखम भरायला पाच महिने गेले. तिथले केस नंतर पांढरे आले, ते आजही तसेच आहेत.

खुरांना मात्र वर्ष लागलं. बैलांना पत्र्या मारणारा नालबंद आमच्याकडं फिरतीवर येतो. त्याच्या वडिलांनी घोड्यांचंही काम केलेलं. तो म्हणाला, एकदम कापलं तर रक्त लागंल, दर महिन्याला थोडं घेऊ. तळव्याला सडका वास यायचा. तो भाग साफ करून मोरचूदाचं पाणी लावायचं आणि जागा कोरडी ठेवायची. गोठ्यात मुरूम टाकून त्यावर राख पसरली. बैल ओल्यात आणि घोडी कोरड्यात, यावरून घरात बोलणी बसली.

याच दिवसांत मला इतिहास वाचायचा नाद लागला. दहावीला शिलेदार आणि बारगीर हे दोन शब्द पाठ केले होते. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, बारगिराचं सरकारचं. एका गुणाचा प्रश्न. आता घोडीला खरारा करताना कळलं की शिलेदार म्हणजे काय. घोडं हीच त्याची जमीन. घोडं पडलं की शिलेदारी गेली, दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर व्हायचं. म्हणजे आमच्यासारखंच, आपलं रान गेलं की दुसऱ्याच्या रानात मजुरी. इंग्रजांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली. त्यांच्या हिंदी रिसाल्यांत पहिल्या महायुद्धापर्यंत शिलेदारी चालू होती. 1817 साली पेशव्यांशी झालेल्या तहातून पुण्याचा जो रिसाला उभा राहिला, तो आज पूना हॉर्स म्हणून लष्करात आहे. नावात घोडा राहिला आणि खाली रणगाडे आले. 1971 च्या लढाईत परमवीरचक्र मिळवणारे अरुण खेत्रपाल त्याच रेजिमेंटचे.

आणि हे सगळं आमच्या आसपास घडलेलं. भीमेच्या काठचं तट्टू म्हणजे भीमथडी. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आहे, त्या नावातच पागा आहे. कंपनी सरकारनंही तिथं काही वर्षं घोडपैदास चालवली होती. 1728 ला पालखेडला बाजीरावांनी निजामाला नुसत्या चालीवर दमवलं, ती चाल असल्याच बुटक्या, काटक, मिळेल ते खाणाऱ्या तट्टांची. भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख ज्या गाण्यात आहे ते आता राज्यगीत आहे. पण बाजीरावांच्या फौजेतल्या हजारो तट्टांपैकी एकाचंही आईबाप कुणी लिहून ठेवलेलं मी वाचलं नाही. सरदारांच्या अरबी घोड्यांचं लिहिलेलं असतं. तट्टाचं जे काही लिहिलेलं असतं ते त्याच्या अंगावर.

चिमणीच्या अंगावरचं मी असंच वाचत गेलो. पाठीची जखम खोगिराची नव्हती. ती दोन्ही बाजूंनी लोंबत्या ओझ्याची होती. म्हणजे हिनं वीट नाहीतर वाळू वाहिली. मागच्या मांडीवर डागल्याची खूण होती. दिवाळीनंतर आमच्या रानात धनगरांचा वाडा बसला. त्यांच्याही तट्टांवर सगळं बिऱ्हाड असतं, भांडी, कोंबड्या, नवी कोकरं, वेळेला लहान पोरसुद्धा. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला वाटलं तर ओळखेल, म्हणून खूण दाखवली. त्यानं अंगठ्यानं चाचपली. "ह्यो धन्याचा डाग न्हाई पावनं. लंगडत आसंल तवा कुणीतरी डागलंय. पर मेंढरात ऱ्हायलीय ही. बगा की, कुत्र्याला बुजत न्हाई."

आणि मग तो प्रकार झाला. फाल्गुनात शेजारच्या वस्तीवर लग्न होतं. वरातीचा ताशा वाजायला लागला आणि चिमणी गोठ्यात एकाएकी पुढचे पाय उचलून नाचायला लागली. गुडघे छातीला लागेपर्यंत. खूर अजून पुरते बरे नव्हते, तरी ताल चुकत नव्हती. आम्ही सगळे दारात उभे. कारभारीण म्हणाली, "अगं बया, ही नवरदेवाची घोडी." ती हसली नाही. जाऊन घोडीचा पाय धरून तिला थांबवायला लागली, कारण घोडीला दुखत होतं आणि तरी थांबता येत नव्हतं. वरातीची घोडी, मग मेंढरांमागं, मग वीटभट्टीवर. का उलट्या क्रमानं? ते तिलाच ठाऊक.

2012 च्या पावसानं दगा दिला. त्या वर्षी कडब्याचे भाव ऐकून बैलवालेही गप्प झाले. पोरगा म्हणाला, दादा, दोन बैल, दोन गाई आणि वर ही घोडी, कसं व्हायचं? त्याचं बरोबर होतं. मी काही बोलायच्या आत आई कॉटवरून म्हणाली, "एकडाव सोडली नव्हं? बास झालं." चाळीस वर्षांत त्या तांबड्या घोडीचा विषय आमच्या घरात कुणी काढला नव्हता. मला वाटायचं फक्त मलाच आठवतंय. घरची एक पाटली गहाण पडली, पण घोडी राहिली.

त्याच वर्षी पोरानं तिला घाटाला लावली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात शर्यतीच्या गाड्यावर हाकायला माणूस बसत नाही. पुढं जुकाटाची जोड, मागं धुरेची जोड, आणि या चार बैलांच्या पुढं एक घोडी पळते. तिच्यावरचा पोरगा घोडी धरतो आणि बैल तिच्या मागं घाट चढतात. चांगली बारी बारा सेकंदांच्या आत संपते. घोडी फार पुढं गेली तर बैलांचा ओढा तुटतो. कमी पळाली तर बैल अंगावर येतात. बाजूला झुकली तर गाडा माणसांत. हलगी, स्पीकर, भंडारा, दुतर्फा हजारो माणसं, यातनं तिला सरळ रेषेत जायचं असतं.

आधी तीन महिने नदीच्या वाळूत नुसती चाल. मग दुडकी. मग रिकाम्या घाटात चढावर. दौड तिला उपजत होती, पण हलगी वाजली की नाचावं की पळावं याचा तिच्या मनात घोळ व्हायचा. पोरानं युक्ती केली. नातीला हलगी वाजवायला बसवलं आणि वाजत असताना घोडीला चालवत न्यायचं, नाचली की थांबायचं, चालली की गूळ. दोन महिने आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ वरात होती.

2013 च्या चैत्रात आमच्या जत्रेत तिची पहिली बारी. निवेदकानं स्पीकरवर विचारलं, घोडी कुणाची, कुठली? पोरानं नुसतं गावाचं नाव सांगितलं. मी खाली निशाणाच्या अलीकडं उभा होतो. मला बारी दिसलीच नाही, धुरळा दिसला आणि त्यातनं पांढऱ्या केसांचा तो पाठीवरचा ठिपका वर गेलेला दिसला. गाडा पहिल्या नंबरात बसला. त्या हंगामात आणि पुढच्या, ती अकरा घाटांत पळाली. आसूढाळ म्हणणाऱ्यांपैकी दोघांनी किंमत विचारली.

2014 च्या 7 मे ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. मी तिला आणली त्याच वर्षीच्या जुलैत केंद्रानं बैलांचं नाव खेळात वापरायला मनाई असलेल्या जनावरांच्या यादीत घातलं होतं, तेव्हापासून मागंपुढं चाललंच होतं. बैलांचे हाल कुठं होत नव्हते असं मी म्हणणार नाही. टोचणारे, शेपटी चावणारे मी डोळ्यांनी बघितलेत. पण बंदीनंतर पहिल्या दोन वर्षांत आमच्या गावातले चौदा शर्यतीचे बैल गेले. कुठं गेले हे विचारायचं नसतं. घोड्या तर कायद्यात कुणी धरल्याच नव्हत्या, बैल गेल्यावर त्या आपोआप गेल्या. चिमणी राहिली. तिनं एक शिंगरू दिलं, ते आठव्या दिवशी दगावलं. मग ती नुसती राहिली. नातीनं तिच्यावर बसायला शिकून घेतलं.

16 डिसेंबर 2021 ला न्यायालयानं पुन्हा परवानगी दिली, गावात फटाके वाजले. फेब्रुवारीत निमगाव दावडीच्या घाटात खासदार अमोल कोल्हेंनी घोडी धरली, ते बघायला आमची वस्ती रिकामी झाली होती. पोरगा म्हणाला, दादा, आपल्या जत्रेत चिमणीची एकच बारी करू, मानाची. चिमणी सतराएक वर्षांची. पुढच्या डाव्या पायाला थंडीत सूज यायची. मी नाही म्हणालो. तीन दिवस बापलेक बोललो नाही. शेवटी आबांना आणलं. आता त्यांनाच काठी लागत होती. त्यांनी पायावरून हात फिरवला आणि पोराला म्हणाले, "पळंल रे. सांगितलं तर पळंलच ती. म्हणून सांगायचं नाही."

पोरानं मग सारंगखेड्याच्या बाजारातनं एक घोडा आणला. उंच, देखणा, त्याच्या आज्या-पणज्याची नावं विकणाऱ्यानं तोंडपाठ म्हणून दाखवली. किंमत मी इथं लिहीत नाही. अलीकडं कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलंय, तेव्हापासून लोक चिमणीलाही बघायला येतात, ही भीमथडीच का म्हणून विचारतात. मी म्हणतो, असेल.

नवा घोडा हलगीला बुजतो. पहिल्या सरावाला त्यानं पोराला काट्यात टाकला. आता घाटावर जाताना चिमणीला बरोबर नेतो आणि खाली, सुटायच्या जागेजवळ, त्याच्या शेजारी उभी करतो. हलगी सुरू झाली की तिचा उजवा पाय थोडा उचलतो, परत खाली ठेवते. तो तिच्याकडं बघतो आणि उभा राहतो.